माशातला ऑक्सिडेटिव्ह ताण मोजताय? या चुका टाळा

"मॅडम, झुआरीतल्या काळुंदरांचं काही खरं नाही," म्हणत गेल्या उन्हाळ्यात एक मुलगा आलेख घेऊन आला. गोव्यातल्या झुआरी नदीतल्या या माशांच्या यकृतात एमडीए (मेद खवटल्याची खूण) चढलेला, कॅटालेज (पेरॉक्साइड मोडणारं संरक्षक एन्झाइम) उतरलेलं; म्हणजे ऑक्सिडेटिव्ह ताण, पेशींत ऑक्सिजनच्या मारक रेणूंचा अतिरेक. तुलनेसाठी टाकीत ठेवलेले मासे मात्र ठणठणीत. मी एवढंच विचारलं, नदीतले आणलेस कसे? आगशीहून बादलीत, स्कूटरवर, भर दुपारी; वाटेत टायर पंक्चर. टाकीतले पाच मिनिटांत कापून थेट द्रव नायट्रोजनमध्ये.

म्हणजे पोरानं मोजलं ते पंक्चर.

बादलीतला ऑक्सिजन संपत जातो, मासा धडपडतो. मग आपण दया येऊन ताजं पाणी ओततो आणि ऑक्सिजन अचानक परत आला की मुक्त मूलकं, म्हणजे तेच मारक रेणू, उसळतात. मासा मेल्यावरही हे थांबत नाही. त्याच्या पेशीपटलांत बहुअसंतृप्त मेदाम्लं भरपूर. ती खवटत राहतात, आणि एमडीए हा त्या खवटण्यातूनच उरलेला पदार्थ. पुढच्या खेपेला अर्धे मासे काठावरच कापायला लावले, अर्धे बादलीतून आणवले. नदी तीच, पण आकडे दोन तऱ्हांचे. प्रबंधातलं अख्खं प्रकरण पुन्हा लिहावं लागलं. माझं म्हणाल तर नायट्रोजनचा कॅन मिळाला नाही की त्या दिवशी मी जाळंच टाकू देत नाही. "बर्फावर चालेल ना?" हा प्रश्न घाई असलेलेच विचारतात.

दुसरं दुखणं रक्ताचं. लाल पेशींत कॅटालेज ठासून भरलेलं असतं. यकृत न धुता वाटलंत तर अर्धं मोजमाप रक्ताचंच होतं. बर्फगार सलाइनमध्ये पाणी निवळेपर्यंत खळबळा. कल्ल्यांना जास्त वेळ द्या, तिथलं रक्त सहज निघत नाही. आणि पित्ताशय फुटलं तर तो नमुना सरळ टाका. पित्तातली रंगद्रव्यं स्वतःच अँटिऑक्सिडंट आहेत, वर त्यांचा रंग वाचनात घुसतो. "थोडंसंच फुटलं" हे मी ऐकून घेत नाही.

कॅटालेज पेरॉक्साइड किती वेगानं मोडतं हे २४० नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशात वाचताना क्युव्हेट (नमुना ठेवायची छोटी पारदर्शक नळी) क्वार्ट्झचीच हवी. साधं प्लॅस्टिक तिथे प्रकाशच अडवतं.

पेरॉक्साइडची बाटली जुनी असेल तर आधी तपासा: १० मिलिमोलर द्रावणाचं प्रकाशशोषणाचं वाचन तिथेच ०.४४च्या आसपास यायला हवं.

किटवर मोजणीचं तापमान ३७ अंश छापलंय ते उंदरामाणसांसाठी. काळुंदर नदीच्या तापमानाला जगतो.

एन्झाइम वाढलं म्हणजे मासा आजारी, घटलं म्हणजे सुखी, असा हिशेब मांडू नका. हलक्या ताणात ते वाढतं, ताण असह्य झाला की ढासळतं.

आणि मे महिन्यातले मासे जुलैतल्यांशेजारी ठेवून "खाणींचा परिणाम" लिहू नका. पावसात झुआरीची क्षारता कोसळते, तोही ताणच. मी आधी क्षारतेच्या नोंदी मागते. बहुतेकांच्या वहीत तो रकानाच नसतो.