पट्टा बांधून व्यायाम करताय? आधी या चुका टाळा

दंडाला किंवा मांडीला पट्टा आवळून हलक्या वजनाने स्नायू वाढवण्याचा व्यायाम म्हणजे बीएफआर (ब्लड फ्लो रिस्ट्रिक्शन, म्हणजे रक्तप्रवाह मर्यादित ठेवणं). जपानमध्ये योशिआकी सातो यांनी तो 'कात्सू' या नावाने विकसित केला. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर जड वजन उचलता येत नाही, अशांना त्याचा फार उपयोग होतो. आता जिममध्येही पट्टे दिसू लागलेत, आणि बहुतेक वेळा ते चुकीचे बांधलेले असतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे करकचून आवळणे. हातापायात जाणारं रक्त चालूच राहायला हवं. अडवायचं आहे ते परत येणारं, तेही काही प्रमाणातच. हात थोडा लालसर, फुगल्यासारखा झाला तर ठीक. पांढरा आणि गार पडला, मुंग्या आल्या, बधिर झाला, तर सेट (सलग करायची एक फेरी) अर्धा असला तरी पट्टा लगेच सोडा. तळहात दाबून पाहा: फिका पडलेला रंग दोन-तीन सेकंदांत परत आला पाहिजे. साध्या इलॅस्टिक पट्ट्याला मोजमाप नसतं, म्हणून सहन होईल त्या कमाल घट्टपणाला दहा धरलं तर सातच्या आसपास थांबा, हाताला त्याहून कमी. रबरी नळी किंवा दोरी कधीच नको. अरुंद वस्तू एकाच जागी रुतते आणि नसेला इजा करू शकते.

पट्टा काखेजवळ किंवा जांघेजवळ, अगदी वर बांधायचा. कोपर, गुडघा, पोटरी इथे नाही.

दुसरी चूक वजनाची. एकदाच जेमतेम उचलता येईल त्या वजनाच्या २० ते ३० टक्के पुरे. म्हणजे ४० किलो उचलणाऱ्याने ८ ते १२ किलो घ्यायचं. पहिला सेट ३० रेप्सचा (रेप म्हणजे वजन एकदा उचलून खाली आणणं), मग १५ चे तीन, मध्ये ३० सेकंद विश्रांती. या विश्रांतीत पट्टा तसाच ठेवतात. व्यायाम बदलताना मात्र सोडतात. पहिल्याच सेटला बाराव्या रेपला हात थांबला तर पट्टा घट्ट आहे किंवा वजन जास्त आहे. उलट तिसऱ्या सेटलाही जळजळ नसेल, तर आधी पट्टा घसरलाय का ते बघा, मग वजन थोडं वाढवा. पट्टा आणखी आवळणं हा शेवटचा उपाय.

आणि हो, धडधाकट असाल तर जड वजन सोडून देऊ नका. स्नायूचा आकार यातून छान वाढतो, पण ताकद जड वजनाइतकी वाढत नाही.

पायात रक्ताची गुठळी होऊन गेलेली असेल, रक्तदाब आटोक्यात नसेल, व्हेरिकोज व्हेन्स (पायाच्या फुगलेल्या शिरा) असतील, गरोदरपण असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पट्ट्याला हात लावू नका. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचंही तसंच, विदर्भात आणि नंदुरबारकडे तो बऱ्याच घरांत आहे, तेव्हा तिथल्या ट्रेनरनी हा प्रश्न आधी विचारायलाच हवा. व्यायामानंतर लघवी कोलासारखी गडद झाली, तर उद्यावर न ढकलता दवाखाना गाठा.