सर्वोच्च न्यायालयात जायचंय? आधी या चुका टाळा

उच्च न्यायालयात निकाल विरोधात गेला की घरात पहिला प्रश्न निघतो, 'वर जायचं का?' या 'वर' शब्दातच निम्मी गफलत आहे. तालुका, जिल्हा, उच्च न्यायालय आणि मग दिल्ली, अशी अपिलाची शिडी समजून लोक निघतात. प्रत्यक्षात बहुतेक प्रकरणं राज्यघटनेच्या अनुच्छेद १३६ खाली विशेष अनुमती याचिकेने, म्हणजे एसएलपीने जातात. अपील ऐकायचं की नाही हे न्यायालय आधी ठरवतं. अनुमती मागता येते, हक्क म्हणून मिळत नाही.

म्हणून सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे तोच दावा पुन्हा लढवणं. साक्षीदार खोटं बोलला, पंचनामा चुकीचा होता, मोजणी नीट झाली नाही, हे खालच्या दोन-तीन न्यायालयांत निकाली निघालेले मुद्दे दिल्लीत सहसा पुन्हा उघडत नाहीत. सुरुवातीच्या सुनावणीला अनेकदा काही मिनिटंच मिळतात, तेवढ्यात कायद्याचा प्रश्न दिसला पाहिजे. 'उच्च न्यायालयाने पुरावा नीट पाहिला नाही' हा प्रश्न नव्हे, तक्रार झाली. 'नोंदणीकृत खरेदीखतातल्या अटी निव्वळ तोंडी पुराव्याने बदलता येतात का?' हा प्रश्न. असे दोन-तीन पुरेत. वीस लिहिले तर त्यातला खरा कोणता, हे वाचणाऱ्याला शोधावं लागतं. नवा कागद हळूच जोडून देण्याचा मोहही नको. एसएलपी खालच्या न्यायालयासमोर आलेल्या बाबींपुरतीच असते आणि तसं प्रमाणपत्र वकिलाला द्यावं लागतं. जास्तीचा कागद खरोखरच लागणार असेल तर वेगळा अर्ज करून परवानगी घ्यावी लागते.

वकिलाबद्दलही एक गैरसमज असतो. जिल्ह्यातले किंवा मुंबईतले तुमचे वकील तिथे बाजू मांडू शकतात, पण प्रकरण दाखल करतो तो 'ॲडव्होकेट ऑन रेकॉर्ड', म्हणजे सर्वोच्च न्यायालयात प्रकरण दाखल करण्यासाठी नोंदलेला वकील. तो सुरुवातीलाच गाठा, मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात नव्हे. कारण सातबारा, फेरफार, मराठीतल्या जबान्या या सगळ्यांचा इंग्रजी अनुवाद लागतो. दोनशे पानी जबान्यांचा अनुवाद दोन दिवसांत होत नाही, आणि घाईत 'कूळ' आणि 'मालक' यांची अदलाबदल झाली तर ती पुढे निस्तरत बसावी लागते.

मुदत साधारणपणे उच्च न्यायालयाच्या निकालापासून ९० दिवस. सर्टिफाईड कॉपी मिळवायला लागलेला वेळ वगळतात, पण इथेच हिशेब चुकतो. निकाल १ मार्चला लागला, नकलेचा अर्ज १० मार्चला केला, नक्कल २५ मार्चला तयार झाली आणि तुम्ही ती २० एप्रिलला उचलली, तर वजावट १० ते २५ मार्चची. अर्जाआधीचे दिवस आणि नक्कल तयार होऊन पडून राहिलेले दिवस तुमच्याच खात्यात. उशीर झालाच तर विलंबमाफीच्या अर्जात 'आजारी होतो' एवढंच लिहू नका. कधीपासून कधीपर्यंत, कुठे उपचार घेतले, हे कागदासह लिहा.

सरकारी आदेशाविरुद्ध थेट उच्च न्यायालयात दाद मागतात ती रिट याचिका. तिच्यात चूक वेगळी असते, आणि बऱ्याचदा ती खालीच, उच्च न्यायालयात, झालेली असते. रिटमध्ये न्यायालय सरकारी निर्णय तपासतं, त्याला न्यायिक पुनर्विलोकन म्हणतात; ते अपील नव्हे. टाटा सेल्युलर प्रकरणात (१९९४) सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं: तपासायची ती निर्णयाची प्रक्रिया, निर्णय शहाणपणाचा होता का हे नव्हे. समजा परवाना रद्द झाला. 'माझा व्यवसाय बुडेल' यावर रिट उभी राहत नाही. नोटीस दिली का, उत्तराला पुरेसा वेळ दिला का, आदेशात कारणं आहेत का, सही करणाऱ्याला तो अधिकार होता का, हे विचारा. जिंकलात तरी बहुधा आदेश रद्द होऊन प्रकरण फेरविचारासाठी त्याच कार्यालयाकडे परत जातं. 'परवाना द्यावा' एवढी एकच मागणी लिहिली असेल तर पंचाईत होते.

मूलभूत हक्काचा भंग असला तरी अनुच्छेद ३२ (मूलभूत हक्कांसाठी थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याची तरतूद) घेऊन थेट दिल्ली गाठू नका. 'आधी उच्च न्यायालयात जा' असं उत्तर मिळण्याचीच शक्यता जास्त. अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयाचे अधिकार तसेही अधिक व्यापक आहेत, तिथे मूलभूत हक्कांखेरीज इतर कायदेशीर हक्कांसाठीही दाद मागता येते.

याचिका दाखल झाली म्हणजे स्थगिती मिळाली, असंही नाही. ताबा जाणार असेल, वसुली सुरू असेल, तर अंतरिम स्थगितीची मागणी वेगळी करावी लागते आणि ती मंजूर व्हावी लागते. आदेश हाती येईपर्यंत खालचा निकाल लागूच असतो.

आता 'एसएलपी फेटाळली' याचा अर्थ. बातमीत लगेच 'सर्वोच्च न्यायालयाकडून शिक्कामोर्तब' असं छापून येतं, आणि समोरची बाजू ते कात्रण मिरवते. कुन्हयम्मेद प्रकरणापासून (२०००) कायदा असा आहे: कारणं न देता अनुमती नाकारली तर उच्च न्यायालयाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशात विलीन होत नाही, म्हणजे तो उच्च न्यायालयाचाच निकाल राहतो. त्यामुळे कायद्याने वाव असेल तर उच्च न्यायालयातच फेरविचार अर्ज करायची वाट उघडी राहते. अनुमती मिळून अपील निकाली निघालं, की ती वाट बंद. म्हणून फेटाळणीचा आदेश एका ओळीचा असला तरी त्याची प्रत घ्या आणि शब्द न् शब्द वाचा. त्यात कारणं दिली आहेत का, याचिका मागे घेऊ दिली का, कुठे दाद मागायची मुभा ठेवली का, यावरच पुढचं पाऊल ठरतं.