नाशिकच्या गच्चीवरून उत्तरायणाचा दिवस कसा काढावा

२१ डिसेंबर जवळ आला की ‘आज दुपारी बारा वाजता काठी उभी करा आणि वर्षातली सर्वात लांब सावली बघा’ असा सल्ला सगळीकडे फिरू लागतो. त्यात दोन गोष्टी चुकीच्या आहेत. नाशिकला घड्याळात बारा वाजतात तेव्हा मध्यान्ह, म्हणजे सूर्य दिवसातल्या सर्वात उंच जागी असण्याची वेळ, झालेली नसते. शिवाय अयनदिन, म्हणजे सूर्य दक्षिणेकडून उत्तरेकडे वळतो तो दिवस, त्या एका दिवसाकडे बघून ओळखताच येत नाही. आदल्या दिवशीची, त्या दिवशीची आणि दुसऱ्या दिवशीची, तिन्ही सावल्या डोळ्यांना सारख्याच दिसतात. तरीही दुर्बीण किंवा अ‍ॅप न वापरता, घरच्या गच्चीवरून सूर्य उत्तरेकडे वळल्याचा दिवस नेमका काढता येतो. त्यासाठी नोव्हेंबरअखेरपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत रोज दुपारी दहा मिनिटं मोकळी ठेवा.

जून नको, डिसेंबरच

नाशिक जवळपास २० अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या साडेतीन अंश दक्षिणेला आहे. त्यामुळे २१ जूनला मध्यान्हीचा सूर्य आपल्या डोक्यावरून किंचित उत्तरेला जातो आणि एक मीटर उंचीची सावली अवघी ६ सेंटिमीटर पडते, तीही दक्षिणेकडे. (शून्य सावलीचा दिवस जूनमध्ये शोधणाऱ्यांसाठी: आपल्याकडे तो २० मेच्या सुमारास येतो आणि पुन्हा २३-२४ जुलैच्या सुमारास. जुलैचा बहुधा ढगांत जातो.) जूनच्या तिसऱ्या आठवड्यात नाशिकच्या आकाशाचा भरवसा नसतो.

डिसेंबरात सूर्य मध्यान्ही क्षितिजापासून फक्त साडेशेहेचाळीस अंश वर येतो. एक मीटर उंचीची सावली ९४.७ सेंटिमीटर पडते. सूर्य एक अंश वर-खाली झाला तर ही सावली ३.३ सेंटिमीटर सरकते, जूनमध्ये हाच आकडा पावणेदोनच्या आसपास असतो. म्हणजे मोजमाप जवळपास दुपटीने सोपं, आणि आकाश बहुतेक दिवस स्वच्छ.

मांडणी

काठी वापरू नका. सूर्य हा बिंदू नाही, अर्ध्या अंशाची तबकडी आहे, त्यामुळे काठीच्या टोकाची सावली पावणेदोन सेंटिमीटरभर नुसती पुसट होत जाते. तिचं टोक कुठे, यावर दोन माणसांचं एकमत होत नाही. त्याऐवजी तेलाच्या डब्याच्या पत्र्याचा वीतभर तुकडा घ्या, त्याला पाच मिलिमीटरचं भोक पाडा आणि तो गच्चीच्या दक्षिणेकडच्या कठड्यावर आत डोकावेल असा, सूर्याकडे तोंड करून तिरका पक्का ठोका. भोक कठड्याच्या वर आणि फरशीपासून साधारण एक मीटर उंच हवं. खाली पत्र्याची सावली पडते आणि तिच्या मधोमध सूर्याची स्पष्ट कडेची लंबगोल प्रतिमा उमटते. तिचा मध्य सहज सापडतो. भोकातून डोळा लावून सूर्याकडे बघायचं नाही, घरातल्या मुलांनाही हे आधीच सांगून ठेवा.

प्रतिमा झेलायला तीन फूट बाय दोन फुटांचा कडप्पा उत्तम. लांब बाजू पूर्व-पश्चिम. गच्चीला पाणी निघून जाण्यासाठी उतार दिलेला असतोच, म्हणून कडप्प्याखाली पाचरी सरकवून पाणसळीने दोन्ही दिशांना समतल करा आणि बाजूने थोडं सिमेंट भरून टाका. आपल्या खगोलगणिताच्या जुन्या सिद्धान्तग्रंथांतही शंकू (सावली मोजायची उभी काठी) उभारायची जागा पाण्याने समतल करून घ्यायला सांगितली आहे.

उत्तर-दक्षिण रेघ

मध्यान्हीचा क्षण ओळखायला कडप्प्यावर उत्तर-दक्षिण रेघ लागते. ती मोबाईलमधल्या होकायंत्राने काढू नका. आपल्या भागात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एका अंशाहूनही कमी फरक आहे, ती अडचण नाही. अडचण आहे ती स्लॅबमधल्या सळयांची आणि टाकीच्या लोखंडी स्टँडची. गच्चीवर चार पावलं चालून बघा, काटा प्रत्येक ठिकाणी वेगळी उत्तर दाखवेल.

रेघ सूर्याकडूनच घ्यायची. साडेअकराच्या सुमारास प्रतिमेच्या मध्याची कडप्प्यावर खूण करा. भोकापासून त्या खुणेपर्यंत बारीक तार ताणून तेवढीच लांबी पक्की करा (सुतळी ताणली जाते, नको) आणि तारेच्या टोकाने कडप्प्यावर कमान काढा. दीडच्या पुढे प्रतिमा ती कमान पुन्हा ओलांडते. तिथे दुसरी खूण. दोन्ही खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेघ. तिच्या मध्यावर गुण्या लावून लंब काढला की उत्तर-दक्षिण. सकाळी आणि दुपारी सूर्य सारख्याच उंचीवर असताना तो दक्षिणेच्या दोन्ही बाजूंना सारखाच दूर असतो, एवढंच यामागचं गणित. डिसेंबरात दिवसभरात सूर्याची क्रांती (विषुववृत्तापासूनचं अंशांतलं अंतर) फारशी बदलत नाही, म्हणून या रेघेसाठी हाच काळ वर्षात सर्वात चांगला.

रोजची खूण

प्रतिमा मिनिटाला साडेपाच मिलिमीटर वेगाने पूर्वेकडे सरकते. रेघ तिला बरोबर दुभागते त्या क्षणी, रेघेवर प्रतिमेच्या वरच्या आणि खालच्या कडेला पेन्सिलने टिंबं द्या, मध्य काढून तिथे खिळ्याने बारीक ओरखडा करा आणि शेजारी तारीख लिहा. मार्करची शाई उन्हात उडते.

घड्याळ फक्त गच्चीवर कधी जायचं ते सांगण्यासाठी. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे आणि नाशिक ७३.८ अंशांच्या आसपास, म्हणून आपली मध्यान्ह सरासरी १२ वाजून ३५ मिनिटांनी होते. तीही रोज हलते: २५ नोव्हेंबरला १२:२२, २१ डिसेंबरला १२:३३, ११ जानेवारीला १२:४३. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि अक्ष कललेला, या दोन्हींचा हा परिणाम. अयनदिनाला बारा वाजता मोजणाऱ्याची सावली मध्यान्हीपेक्षा अडीच सेंटिमीटर लांब येते. पुढच्या भागात कळेल की इथे अडीच सेंटिमीटर म्हणजे किती प्रचंड चूक आहे.

दिवस कसा ठरवायचा

याच पायरीशी मी सर्वात जास्त झगडलो आहे आणि इथेच बहुतेक जण सोडून देतात. आपल्या एक मीटरच्या मांडणीत अयनदिनाच्या एक दिवस अलीकडे किंवा पलीकडे मध्यान्हीची खूण अवघी ०.१ मिलिमीटर सरकते. तीन दिवसांनी मिलिमीटरभर. दहा दिवसांनी १३ मिलिमीटर. वीस दिवसांनी ५ सेंटिमीटर. प्रतिमाच पावणेदोन सेंटिमीटर लांब असताना ०.१ मिलिमीटर कोणालाही दिसणार नाही. काठी दहा मीटरची केली तरी उपयोग नाही, कारण पुसटपणाही तितकाच वाढतो. १९ ते २४ डिसेंबरच्या खुणा एकमेकींवरच पडतात. ‘सर्वात लांब सावलीचा दिवस’ त्यातून निवडणारा माणूस अंदाज करतो आहे, मोजत नाही.

मार्चमध्ये सूर्याची मध्यान्हीची उंची रोज अंशाच्या दोन पंचमांशाने वाढते. अयनदिनाजवळ हा वेग शून्यावर येतो आणि मग उलटतो. जुन्या निरीक्षकांना हे नीट ठाऊक होतं. कौषीतकी ब्राह्मण या वैदिक ग्रंथात म्हटलं आहे की माघाच्या अमावास्येला सूर्य उत्तरेकडे वळण्याआधी थांबतो. असं लिहिणाऱ्याने क्षितिजाकडे किंवा सावलीकडे अनेक दिवस सलग बघितलं असणार, यात मला शंका नाही.

म्हणून अयनदिनाकडे बघूच नका. त्याच्या दोन्ही बाजूंना, तीन आठवडे दूर बघा. तिथे खूण रोज पाच मिलिमीटर सरकत असते, चूक व्हायला जागाच कमी. समजा, १ डिसेंबरची खूण आहे. सूर्य आणखी दक्षिणेला जातो, खुणा उत्तरेकडे सरकतात, थांबतात आणि मग परत येऊ लागतात. जानेवारीत बघत राहा, प्रतिमा १ डिसेंबरच्या ओरखड्यावर कधी परत येते ते. समजा ती ११ आणि १२ जानेवारीच्या खुणांच्या मध्ये, ११ च्या जवळ आली. १ डिसेंबर ते ११ जानेवारी ४१ दिवस, निम्मे साडेवीस. १ डिसेंबरच्या दुपारपासून साडेवीस दिवस पुढे गेलं की २१ डिसेंबरची मध्यरात्र येते. तोच अयन. २ डिसेंबरची जोडी लावा, ५ ची लावा, २८ नोव्हेंबरची लावा, आणि सगळ्या उत्तरांची सरासरी घ्या. नीट केलं तर उत्तर अर्ध्या दिवसाच्या आत येतं. पडताळ्यासाठी: २०२६ मध्ये हा क्षण भारतीय वेळेनुसार २२ डिसेंबरच्या पहाटे २ वाजून २० मिनिटांच्या आसपास आहे, २०२७ मध्ये २२ डिसेंबरला सकाळी सव्वाआठच्या आसपास. आपल्या राष्ट्रीय दिनदर्शिकेचा पौष २२ डिसेंबरलाच सुरू होतो.

या रीतीचं मोठेपण आणखी एका गोष्टीत आहे. उत्तर-दक्षिण रेघ एकदा बरोबर आली की नंतरच्या चुका इथे मारतच नाहीत. भोकाची उंची नेमकी माहीत नसली, मध्य काढताना तुमचा हात नेहमी थोडा वर जात असला, तरी ती चूक डिसेंबरच्या खुणेत जेवढी आहे तेवढीच जानेवारीच्या खुणेत आहे आणि दोन्ही एकमेकींना खाऊन टाकतात. अट एकच आणि ती कडक आहे: मधल्या सात आठवड्यांत पत्रा आणि कडप्पा यांतलं काहीही हलता कामा नये. वाळवणाच्या दोऱ्या पत्र्याला बांधू देऊ नका. कडप्प्यावर कोणी उभं राहू नये. पत्रा वाकला तर दुरुस्त करून पुढे चालू ठेवू नका, त्याआधीच्या सगळ्या खुणा बाद. मधले चार-पाच दिवस ढगाळ गेले तर काही बिघडत नाही. उलट १५ ते २७ डिसेंबर तुम्ही गावाला गेलात तरी चालेल, मोलाच्या खुणा त्या नव्हेतच.

सर्वात धोक्याचा काळ शेवटचा, संक्रांतीचा. पतंगासाठी सगळी सोसायटी गच्चीवर असते. येवल्यात तर भोगी, संक्रांत आणि कर असे तिन्ही दिवस गच्च्या आसाऱ्या (मांजा गुंडाळायच्या चकऱ्या) घेतलेल्या माणसांनी भरलेल्या असतात. तिकडे राहत असाल तर १२ जानेवारीपर्यंत जोड्या पुऱ्या होतील अशा बेताने डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातल्या खुणांवर भर द्या.

संक्रांतीचं काय

खुणा बघायला आलेला प्रत्येक जण विचारतो, उत्तरायण तर संक्रांतीला सुरू होतं ना? कडप्पाच उत्तर देतो. १४ जानेवारीपर्यंत खूण साडेसहा सेंटिमीटरच्या आसपास मागे आलेली असते आणि दिवस सात मिनिटांनी वाढलेला असतो. संक्रांत म्हणजे सूर्याचा निरयन मकर राशीत प्रवेश, तो ताऱ्यांच्या चौकटीत मोजतात. अयनदिन ऋतूंच्या चौकटीत. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा फिरतो, त्यामुळे या दोन चौकटी सुमारे ७२ वर्षांत एक अंश सरकतात. सध्या प्रचलित अयनांश (या दोन चौकटींमधलं अंतर) धरले तर दोन्ही इ.स. २८५ च्या सुमारास एकत्र होत्या. त्यानंतर २४ अंशांचं अंतर पडलं आहे, म्हणून संक्रांत तीन आठवड्यांहून अधिक मागाहून येते. यात परंपरा चुकली असं म्हणणं मला पटत नाही. तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी हे थंडीचंच जेवण आहे, आणि नाशिकची थंडी जानेवारीत असतेच. सण ज्या दिवशी आहे त्या दिवशी करावा, सूर्य कधी वळला ते कडप्प्यावर बघावं.

आणखी एक वाईट सल्ला सूर्योदयाच्या वेळा बघण्याचा. नाशिकला सर्वात लवकरचा सूर्यास्त नोव्हेंबरच्या उत्तरार्धात होतो आणि सर्वात उशिराचा सूर्योदय जानेवारीच्या मध्याला. सर्वात लहान दिवस, सुमारे १० तास ५५ मिनिटांचा, या दोन्हींच्या मध्ये. घड्याळातल्या वेळांवरून अयनदिन मिळत नाही. सूर्य मावळतो त्या जागेवरून मात्र मिळतो: डिसेंबरात ती पश्चिमेपासून २५ अंश दक्षिणेला, अंजनेरीच्या डोंगराच्या बाजूला सरकते. जोड्यांची हीच रीत डोंगररांगेवरही चालते.

पृथ्वीचा कल

दिवस मिळाल्यावर मांडणी काढू नका. अयनदिनाच्या खुणेपासून भोकापर्यंतचं तिरकं अंतर मोजा आणि कडप्प्याच्या पातळीपासून भोकाची उंची ओळंब्याने मोजा. इथे उंची मिलिमीटरपर्यंत अचूक हवी आणि कडप्पा समतल हवा, या चुका आता मारतात. उंचीला तिरक्या अंतराने भागून साइन कोष्टकात कोन बघा, साडेशेहेचाळीसच्या जवळ येईल. मग २० किंवा २१ मार्चला, विषुवदिनी, त्याच रेघेवर त्याच भोकातून पुन्हा मोजा. एक मीटर उंचीला सावली ३६.४ सेंटिमीटर पडते आणि कोन ७० अंश येतो. कडप्पा तिथवर पोचत नसेल तर त्याच पातळीत दुसरी फरशी दक्षिणेकडे आधीच लावून ठेवा. दोन्ही कोनांतला फरक साडेतेवीस अंशांच्या आसपास येतो. हा पृथ्वीच्या अक्षाचा कल. ९० मधून मार्चचा कोन वजा केला की नाशिकचा अक्षांश.