कीवर्ड डिफिकल्टीचा आकडा कसा वाचावा

गोव्यातील सावईवेऱ्याच्या कुळागरात, म्हणजे पोफळी-मसाल्यांच्या बागेत, पाहुण्यांसाठी दोन खोल्या बांधून संकेतस्थळ काढणारे कुटुंब कीवर्ड, म्हणजे लोक गूगलवर टंकतात ते शब्द, शोधायला बसते, तेव्हा प्रत्येक शब्दापुढे त्याला ० ते १०० यांमधला एक आकडा दिसतो. तो कीवर्ड डिफिकल्टीचा, म्हणजे त्या शब्दासाठी गूगलच्या पहिल्या पानावर येणे किती कठीण आहे याचा अंदाज असतो. हा आकडा गूगल देत नाही. कीवर्ड शोधण्याची साधने विकणाऱ्या कंपन्यांची ती आपापली गणिते आहेत, आणि आकडा वाचण्यापूर्वी नेमके हेच ध्यानात घ्यावे लागते.

एचरेफ्स हे साधन मुख्यतः पहिल्या दहा निकालांना किती वेगवेगळ्या संकेतस्थळांनी दुवे दिले आहेत ते मोजते. मॉझ त्या पानांचे आणि त्यांच्या डोमेनचे, म्हणजे संपूर्ण संकेतस्थळाचे, वजन पाहते, तर सेमरश दुव्यांसोबत इतरही घटक धरते. त्यामुळे एकाच शब्दाला एकीकडे २० आणि दुसरीकडे ४५ असे आकडे मिळाले, तरी त्यांपैकी एक चुकीचा ठरत नाही. एकच साधन निवडावे, देश भारत ठेवावा आणि त्याच साधनातील आकड्यांची आपसात तुलना करावी. एचरेफ्सची मोजपट्टी सरळ चढत नाही, हेही लक्षात असू द्यावे: १० वरून २० वर जायला लागणाऱ्या दुव्यांपेक्षा ७० वरून ८० वर जायला कितीतरी अधिक दुवे लागतात.

जाहिरातदारांसाठी असलेल्या गूगलच्या कीवर्ड प्लॅनर या साधनात ‘स्पर्धा’ नावाचा रकाना असतो आणि अनेकांची फसगत तिथेच होते. तो रकाना त्या शब्दावर किती जाहिरातदार बोली लावतात एवढेच सांगतो. विनामूल्य निकालांतील चुरशीशी त्याचा थेट संबंध नाही.

आकडा पाहून झाला की तो शब्द ब्राउझरच्या खाजगी विंडोत स्वतः शोधावा. माझ्या मते खरे काम इथेच सुरू होते, आणि बहुतेक जण नेमके हेच टाळतात. ‘गोवा हॉटेल’ शोधल्यावर समोर येतात त्या मोठ्या बुकिंग कंपन्या. त्यांच्याशी दोन खोल्यांच्या घराने झुंजण्यात अर्थ नाही. ‘फोंड्याजवळ कुळागरात मुक्काम’ यासारख्या शब्दाला मात्र एखादा जुना लेख, कुणाचे प्रवासवर्णन किंवा केवळ दिवसाच्या सहलीची माहिती देणारे पान वर दिसत असेल, तर राहायला जागा शोधणाऱ्याला हवे ते उत्तर अजून कोणी दिलेले नाही, असे समजावे. ही पोकळी आकड्यात दिसत नाही, कारण साधन दुवे मोजते, वाचणाऱ्याचे समाधान मोजत नाही. निकालांच्या वर नकाशा आला, तर आधी गूगलवरील व्यवसायाची नोंद पत्ता, वेळा आणि छायाचित्रांसह पूर्ण करावी.

आकडा कमी असणे म्हणजे मागणी असणे नव्हे. जो शब्द कोणीच शोधत नाही त्याचाही आकडा शून्य असू शकतो, म्हणून दरमहा शोधसंख्येचा रकाना शेजारी ठेवूनच निवड करावी. त्यातही लोक मराठी शब्द अनेकदा रोमन लिपीत टंकतात, तेव्हा दोन्ही रूपे तपासावीत.

पान प्रसिद्ध केल्यावर दोन-तीन महिन्यांनी सर्च कन्सोल हे गूगलचे साधन उघडावे. तिथे स्वतःच्या संकेतस्थळाची सरासरी क्रमस्थाने दिसतात. ज्या शब्दांवर पान आठव्या ते विसाव्या स्थानाच्या आसपास आले असेल, त्यांच्यासाठी नवे पान न लिहिता त्याच पानात खोलीचे भाडे, पणजीहून येण्याचा रस्ता आणि जेवणाची सोय ही माहिती भरावी.