कॉल लॉगिंग सॉफ्टवेअर बसवण्यापूर्वीची तयारी

कोणत्या एक्स्टेंशनवरून कोणाशी किती वेळ बोलणे झाले याची नोंद ठेवणारे सॉफ्टवेअर संगणकावर चढवायला फारसा वेळ लागत नाही. खरे काम त्याआधीचे असते, मग ती जळगाव एमआयडीसीतली डाळमिल असो की रावेरकडील केळी व्यापाऱ्याची पेढी.

ईपीएबीएक्सचे, म्हणजे बाहेरच्या लाइन आतल्या एक्स्टेंशनना जोडणाऱ्या यंत्राचे, नेमके मॉडेल आधी लिहून घ्यावे, कारण एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांत नोंदीचे रकाने वेगळ्या जागी असू शकतात. प्रोग्रॅमिंगचा पासवर्ड बहुधा यंत्र बसवून गेलेल्या तंत्रज्ञाकडेच राहिलेला असतो, तेव्हा त्याचा शोध वेळेत सुरू केलेला बरा. त्याच प्रोग्रॅमिंगमध्ये एसएमडीआर, म्हणजे कॉलची नोंद बाहेर पाठवण्याची सोय, चालू आहे का आणि येणारे कॉलही तीत धरले आहेत का, हे तपासावे.

जुन्या यंत्राला सिरीयल केबल लागते व बॉड रेट, म्हणजे नोंद पाठवण्याचा वेग, यंत्र आणि संगणक दोन्हीकडे तंतोतंत सारखा ठेवावा लागतो. ती केबल संगणकाला जोडण्यासाठी यूएसबी कन्व्हर्टर वापरायचा असेल तर तो नेहमी एकाच यूएसबी जागी लावावा, नाहीतर संगणकाने त्या जोडणीला दिलेला कॉम पोर्टचा क्रमांक बदलतो आणि नोंदी बंद पडतात. नेटवर्कवरून नोंद देणाऱ्या यंत्राला स्थिर आयपी पत्ता द्यावा आणि त्याचा पोर्ट फायरवॉलमध्ये मोकळा करावा.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात. सॉफ्टवेअर उघडण्याआधी साध्या टर्मिनल प्रोग्रॅममध्ये, म्हणजे पोर्टवर आलेला मजकूर जसाच्या तसा दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, यंत्राकडून येणारी कच्ची ओळ डोळ्यांनी पाहावी. एक्स्टेंशन 105 वरून स्वतःच्या मोबाइलला फोन लावून रिसीव्हर खाली ठेवला, की तारीख, वेळ, 105, ट्रंकचा (बाहेरच्या लाइनचा) क्रमांक, फिरवलेला नंबर आणि कालावधी अशी एक ओळ उमटली पाहिजे. अगम्य चिन्हे उमटली तर बहुधा बॉड रेट चुकला आहे. काहीच उमटले नाही तर केबल किंवा एसएमडीआरची सेटिंग पाहावी.

15 जानेवारी 2021 पासून लँडलाइनवरून मोबाइल लावताना आधी शून्य फिरवावे लागते, त्यामुळे तोच ग्राहक जाताना अकरा अंकी आणि येताना दहा अंकी दिसून दोन माणसे ठरू नयेत, एवढा नियम सॉफ्टवेअरमध्ये घालावा. जळगावचा 0257, धुळ्याचा 02562, भुसावळचा 02582 असे एसटीडी कोड कमीअधिक लांबीचे असल्याने कोडांचा तक्ता पूर्ण भरावा. कॉलचे दरपत्रक भरण्यात मात्र वेळ दवडू नये. अमर्याद बोलण्याच्या योजना आल्यापासून मालकाला बिलापेक्षा न उचललेल्या कॉलची काळजी अधिक असते, आणि तो कॉल कोणाचा होता हे कळायला लाइनवर कॉलर आयडी हवा.

एक्स्टेंशन आणि तिथे बसणाऱ्याचे नाव यांची चालू यादी हाताशी ठेवावी. वीज गेल्यावर यंत्राचे घड्याळ मागे पडत नाही ना, हे एकदा पाहावे व संगणकाचा स्लीप मोड बंद करावा. नोंद म्हणजे बोलण्याचे रेकॉर्डिंग नव्हे, हे कर्मचाऱ्यांना लेखी कळवावे आणि अहवाल कोण पाहणार हेही त्याच पत्रात नमूद करावे.