पद्मिनी रंगवायचीय? आधी पत्रा वाजवून बघा

साताऱ्या-सांगलीकडे वाड्याच्या बोळात, गोठ्याशेजारच्या शेडमध्ये अजून एखादी प्रीमियर पद्मिनी धूळ खात उभी सापडते. रंग विटलाय, एक हात मारून घेऊ, असं वाटतं. तसं केलं तर पहिल्याच पावसाळ्यात दारांच्या खालच्या कडेला फोड येतात. या गाडीला वेगळी चासी नाही, बॉडीचा पत्राच सगळं वजन पेलतो. त्यामुळे खरं काम पत्र्याचं आहे.

बंपर, दिवे, हँडलं, क्रोमच्या पट्ट्या आणि काचांची रबरं काढा. रबरावर टेप लावून भागवलं तर त्याच कडेने रंग सुटतो. आता पातळ कापडात गुंडाळलेलं चुंबक बॉडीवर फिरवा. जिथे ते धरत नाही तिथे जुन्या पुट्टीचा जाड थर आहे. रनिंग बोर्ड (दारांखालची पोकळ पट्टी), जॅक लावायची जागा, पायाखालचा पत्रा, बॅटरीची बैठक, स्टेपनीखालची डिकी, दारांचं बूड: या सगळ्या ठिकाणी पेचकसाचं टोक दाबा. रुतलं तर तो पत्रा गेला.

गाडी सांगलीत २०१९ किंवा २०२१ च्या पुरात उभी होती? मग रनिंग बोर्डच्या निचऱ्याच्या भोकात तार घाला. आधी काहीच येत नाही. तार फिरवत राहिलात की कृष्णेचा बारीक काळपट गाळ भुकटी होऊन गळू लागतो. तो ओल धरून ठेवतो आणि पत्रा आतून खातो. स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवा, हवा मारा, दोन-तीन दिवस उन्हात वाळू द्या.

सडलेला भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापून २० गेजचा सीआरसी (थंड लाटलेला) पत्रा मिग वेल्डिंगने जोडा. सलग टाका ओढू नका. इंच-इंच अंतरावर ठिपके, तेही जागा बदलत, नाहीतर पत्रा तापून वाकतो. दोन्ही रनिंग बोर्ड एकदम कधीही कापू नका. आधी दाराच्या चौकटीत आडवा पाइप टाचा. तो नसेल तर बॉडी बसते आणि दारं पुन्हा नीट लागत नाहीत.

जुना रंग कोणता, हे आतल्या कोपऱ्यात एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनरचं फडकं घासून कळतं. फडक्याला रंग लागला तर एनसी, सुरकुत्या आल्या तर सिंथेटिक इनॅमल, काहीच झालं नाही तर हार्डनरवाला रंग. इनॅमल निघालं तर ते पूर्ण उतरवा, कारण वर नवा रंग बसला की त्याचा थिनर जुन्याला उचलतो. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून ओलं घासा.

उरलेल्या गंजाला फॉस्फोरिक ॲसिड लावलं तर ते पूर्ण धुवा, लगेच वाळवा. ॲसिड राहिलं की एपॉक्सी धरत नाही. एपॉक्सी प्रायमरचे दोन हात द्या, एक रात्र जाऊ द्या, मग १८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून पुट्टी लावा. १०० ग्रॅम पुट्टीला साधारण २ ग्रॅम हार्डनर. जास्त घातला तर महिन्यांनी फिक्या रंगावर पिवळट डाग उमटतात. थर २-३ मिलिमीटरच्या वर नको. पुट्टी पाणी पिते, ती कोरडीच घासा.

वर सरफेसरचे (घासून सपाट करायच्या प्रायमरचे) तीन हात. तो वाळला की काळ्या स्प्रेचा विरळ फवारा मारा आणि लांब ठोकळ्यावर ४०० लावून घासा. सपाट भागातलं काळं निघून जातं, खड्ड्यातलं तसंच राहतं. छतावर आणि दारांवर यात घाई करू नका, ऊन पडलं की तिथलीच लाट डोळ्यांत भरते. शेवटी ६०० ने पाण्यात.

पद्मिनीला वर क्लिअर (पारदर्शक थर) न लागणारा साधा पीयू (पॉलीयुरेथेन) रंगच शोभतो. बाहेरून आणि दारांच्या फटींसह साधारण ३ लिटर लागतो, एपॉक्सी व सरफेसर प्रत्येकी २ लिटर. रंगाचे सगळे डबे आधी एकत्र ढवळा. मूळ रंग बदलणार असाल तर आरटीओत आरसीवर नोंद लागते: साताऱ्यात एमएच-११, कराडला एमएच-५०, सांगलीत एमएच-१०.

रंगाचे दिवस नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पण तोच गळीत हंगाम. संध्याकाळी कुठेतरी फड पेटतो आणि पाचटाची काळी राख ओल्या बॉनेटवर उतरते. शेड बंद करा, जमीन भिजवा आणि अकरा ते चारमध्ये काम उरका. सकाळी पत्रा दवाने थंड असतो.

आधी वॅक्स रिमूव्हर एका फडक्याने लावा, दुसऱ्याने पुसा. जुन्या पॉलिशमधलं सिलिकॉन राहिलं की रंगात माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. स्प्रे गनला १.४ मिलिमीटरची नोझल, अंतर १५-२० सेंटिमीटर, प्रत्येक पट्टा आधीच्यावर निम्मा. पहिला हात हलका. १०-१५ मिनिटांनी टेपवरच्या रंगाला बोट लावा: चिकट लागावा, पण धागा ओढला जाऊ नये. मग दोन भरीव हात. हार्डनरमधल्या आयसोसायनेटने फुप्फुसं कायमची बिघडू शकतात. धुळीचा मास्क इथे काहीच करत नाही, बाहेरून हवा देणारा मास्क वापरा.

आठवड्याने १५०० आणि २००० चा पेपर, मग कंपाउंड (चमक आणणारी पेस्ट). कडा घासू नका, तिथे थर पातळ असतो. शेवटी रनिंग बोर्ड आणि दारांच्या पोकळीत कॅव्हिटी वॅक्स मारा आणि निचऱ्याच्या भोकांत पुन्हा एकदा तार फिरवून ती मोकळी करा.