ग्लायकॉलवाल्या हीटिंगचं ऑटोमॅटिक कंट्रोल: पीआयडीला हात लावायच्या आधी या चुका टाळा

बिल्डिंगच्या हॉट वॉटर हीटिंगमध्ये साध्या पाण्याऐवजी ग्लायकॉल (म्हणजे गोठू नये म्हणून अँटीफ्रीझ मिसळलेलं पाणी) भरलेलं असेल आणि कंट्रोल नीट चालत नसेल, तर बहुतेक जण पहिलं काय करतात? लॅपटॉप उघडतात आणि पीआयडीचे, म्हणजे व्हॉल्व्ह किती हलवायचा हे ठरवणाऱ्या कंट्रोलरच्या फॉर्म्युल्याचे, आकडे बदलायला लागतात. गेन (फरक दिसला की किती जोरात हलायचं) कमी कर, इंटिग्रल (साचत गेलेल्या फरकाची भरपाई) वाढव, दोन दिवस बरं चालतं, मग थंडीची पुढची लाट आली की परत तेच रडगाणं. माझ्या मते यातल्या निम्म्या तक्रारींचा ट्यूनिंगशी काही संबंधच नसतो. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या डोक्यात पाणी होतं आणि पाइपात ग्लायकॉल आहे, भांडण तिथून सुरू होतं.

फरक किती आहे ते आधी बघा. प्रॉपिलीन ग्लायकॉलचं 50 टक्के मिश्रण त्याच फ्लोला आणि त्याच टेंपरेचर फरकाला पाण्यापेक्षा साधारण 10 टक्के कमी उष्णता वाहून नेतं. हे चालून जातं. खरी गंमत दाटपणात आहे. 20 डिग्रीला हेच मिश्रण पाण्याच्या सहापट दाट असतं, शून्याच्या खाली गेलं की अजून बरंच, आणि 60-70 डिग्रीला पुन्हा बऱ्यापैकी पातळ. म्हणजे सकाळी थंड सिस्टिम चालू करताना जे लिक्विड आहे आणि दोन तासांनी जे आहे, ते कंट्रोलरच्या दृष्टीने दोन वेगळी लिक्विड्स आहेत.

ऑटोमॅटिक मेकअपला थेट नळाचं पाणी

मेकअप म्हणजे सिस्टिममध्ये कमी झालेलं लिक्विड आपोआप भरून काढणं, आणि त्याला थेट नळ जोडायची चूक सगळ्यात स्वस्तात होते आणि सगळ्यात महागात पडते. प्रेशर कमी झालं की रिड्युसिंग व्हॉल्व्ह उघडतो, पाणी आत येतं, प्रेशर परत जागेवर, बीएमएसवर (बिल्डिंगच्या कंट्रोल सिस्टिमच्या स्क्रीनवर) सगळं हिरवं. कोणाला काही कळतच नाही.

हिशोब करून बघू. सिस्टिममध्ये 2000 लिटर मिश्रण आहे, 40 टक्के ग्लायकॉल, म्हणजे शुद्ध ग्लायकॉल 800 लिटर. एका पंपाच्या सीलमधून दर दोन सेकंदाला एक थेंब पडतोय, गरम केसिंगवर पडून सुकतोय म्हणून खाली डबकंसुद्धा साचत नाही. मिनिटाला 30 थेंब म्हणजे अंदाजे दीड मिली, दिवसाला दोन लिटरच्या वर, सहा महिन्यांत 390 लिटरच्या आसपास. तेवढंच साधं पाणी आत आलं की 40 टक्क्यांचे 33 सुद्धा उरत नाहीत. 40 टक्के मिश्रण मायनस 21 डिग्रीच्या सुमारास गोठायला लागतं, 30 टक्के मायनस 13 ला. म्हणजे एका थेंबाने सहा-सात डिग्रीचं संरक्षण खाल्लं आणि प्रेशरचा ग्राफ मात्र सरळ रेषेत.

म्हणून मेकअपसाठी तयार मिश्रणाची टाकी आणि छोटा फीडर पंप असलेलं युनिट लावा, नळाची लाइन कायमची तोडा. टाकीत लेव्हल कमी झाली की फीडर पंप बंद आणि बीएमएसवर अलार्म. आणि एक गोष्ट जी फारसं कोणी करत नाही ती म्हणजे त्या फीडर पंपाचा रनटाइम ट्रेंडला (बीएमएसच्या ग्राफवर) टाका, कारण एरवी महिन्यातून एकदा चालणारा पंप आठवड्यातून तीनदा चालायला लागला की लीक आहे हे तुम्हाला टाकी रिकामी व्हायच्या आधी कळतं.

लीक नसताना फीडर सारखा चालत असेल तर एक्स्पान्शन टँक (तापून फुगलेलं लिक्विड सामावून घेणारी, हवा भरलेली टाकी) बघा. ग्लायकॉलचं मिश्रण तापल्यावर पाण्याच्या साधारण दीडपट फुगतं. पाण्याच्या हिशोबाने टँक निवडलेला असेल किंवा त्यातली हवा कमी झाली असेल तर सिस्टिम तापली की रिलीफ व्हॉल्व्ह (जास्तीचं प्रेशर बाहेर सोडणारा) टिपकतो, गार झाली की प्रेशर पडतं, फीडर भरतो, परत तापली की परत टिपकतो. टँकची हवा तपासताना टँक आयसोलेट करून त्यातलं लिक्विड काढून मगच गेज लावा, नाहीतर तुम्ही सिस्टिमचंच प्रेशर वाचताय. आणि रिलीफचं तोंड ड्रेनमध्ये सोडू नका, फीडरच्या टाकीत परत आणा.

"ग्लायकॉल आहे, मग काय गोठणार?"

हे वाक्य ऐकलं की मला धडकीच भरते. बऱ्याच बिल्डिंगमध्ये बॉयलरच्या बाजूला साधं पाणी असतं, फक्त बाहेरची हवा घेणाऱ्या एएचयूच्या (हवा तापवून किंवा गार करून बिल्डिंगमध्ये ढकलणाऱ्या युनिटच्या) कॉइलला ग्लायकॉल, आणि मध्ये प्लेट हीट एक्स्चेंजर. आता ही सकाळ डोळ्यासमोर आणा. बाहेर मायनस 20. शेड्यूलप्रमाणे फॅन चालू झाला, डँपर (बाहेरच्या हवेची झडप) उघडला, ग्लायकॉल पंपही चालू झाला. बॉयलरकडचा कंट्रोल व्हॉल्व्ह अजून बंदच आहे, कारण रात्रभर डक्टचा सेन्सर फॅन रूमच्या उबेत बसून "22 डिग्री आहे, हीटिंग नको" म्हणत होता. कॉइलमधून फिरून ग्लायकॉल मायनस दहाने परत येतंय, मस्त वाहतंय, त्याला काही होत नाही. पण एक्स्चेंजरमध्ये एका पातळ पत्र्यापलीकडे साधं पाणी नुसतं उभं आहे. काही मिनिटांत ते गोठतं, प्लेट्स फुगतात, आणि पुढे दोन्ही बाजू एकमेकांत मिसळायला लागतात. थोडक्यात ग्लायकॉलनेच पाणी गोठवलं.

इथे ट्यूनिंग काही कामाचं नाही, सीक्वेन्स बदलावा लागतो. आधी बॉयलरकडचा फ्लो सिद्ध झाला पाहिजे, नुसती पंपाला कमांड गेली हे पुरत नाही, करंट स्विच किंवा डीपी (दोन ठिकाणच्या प्रेशरमधला फरक बघणाऱ्या) स्विचने खात्री हवी. मग ग्लायकॉल पंप. मग कॉइलचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवून कॉइलला येणारं ग्लायकॉल बऱ्यापैकी गरम झालं की मगच फॅन, आणि डँपर हळूहळू. एक्स्चेंजरला परत येणाऱ्या ग्लायकॉलवर वेगळा सेन्सर लावा आणि ते 5 डिग्रीच्या खाली गेलं की पाण्याकडचा व्हॉल्व्ह जबरदस्तीने उघडा, डिमांड असो नसो. बॉयलरकडचा पंप ट्रिप झाला तर ग्लायकॉल पंप लगेच बंद आणि डँपर बंद. शक्य असेल तर ग्लायकॉलच्या बाजूला एक्स्चेंजरला बायपास देणारा थ्री-वे व्हॉल्व्ह बसवा. वीज गेली तर हीटिंगचा व्हॉल्व्ह स्प्रिंगने उघडा राहील असा ॲक्चुएटर (व्हॉल्व्ह हलवणारी मोटर) घ्या.

याच वाक्याचा दुसरा बळी म्हणजे फ्रीझस्टॅट, हवा गोठण्याजवळ थंड झाली की फॅन बंद करणारा थर्मोस्टॅट. "हीटिंग कॉइलमध्ये ग्लायकॉल आहे, फ्रीझस्टॅट उगाच ट्रिप होतो, जंपर मारून (वायर जोडून बायपास करून) टाका." अरे पण त्याच एएचयूमध्ये दोन फूट पुढे चिल्ड वॉटरची कॉइल आहे ना, तिच्यात बहुधा साधं पाणीच आहे! फ्रीझस्टॅट तिच्यासाठी आहे. त्याची लांब कॅपिलरी (थंडी ओळखणारी बारीक नळी) हीटिंग कॉइलच्या पुढे आणि कूलिंग कॉइलच्या आधी नागमोडी लावायची, कारण तिच्या कुठल्याही साधारण एक फूट तुकड्याला थंडी लागली तरी ती ट्रिप करते आणि हवा सगळीकडे सारखी मिसळलेली कधीच नसते. सेटिंग 3 डिग्रीच्या आसपास, रीसेट हाताने, आणि वायर थेट फॅनच्या स्टार्टरला, प्रोग्रॅममधून नाही. सारखा ट्रिप होत असेल तर वरचा स्टार्टअप सीक्वेन्स तपासा. जवळजवळ नेहमी उत्तर तिथेच सापडतं.

व्हॉल्व्ह सारखा मागेपुढे नाचतोय

हंटिंगची (व्हॉल्व्ह असा नाचण्याची) तक्रार आली की पहिलं काम म्हणजे लूप (सेन्सर, कंट्रोलर आणि व्हॉल्व्हची ती साखळी) मॅन्युअलवर टाका, व्हॉल्व्ह एका जागी समजा 40 टक्क्यांवर धरून ठेवा आणि अर्धा तास हात न लावता ट्रेंड बघा. टेंपरेचर स्थिर झालं तर दोष याच लूपमध्ये आहे. व्हॉल्व्ह स्थिर असूनही टेंपरेचर वरखाली होतंय? मग या लूपचे पीआयडी आकडे बदलून काही होणार नाही, कोणीतरी दुसराच हलतोय. बहुतेक वेळा बॉयलर शॉर्ट सायकल करत (सारखे चालू-बंद होत) असतात, लीड-लॅगमध्ये (एक बॉयलर आधी, दुसरा गरज पडल्यावर) डेडबँड, म्हणजे चालू आणि बंद होण्याच्या तापमानातलं अंतर, इतका कमी ठेवलेला असतो की दुसरा बॉयलर येतो, सप्लाय उसळतो, लगेच जातो, मग परत येतो. किमान रनटाइम आणि नंतरच्या बॉयलरला यायच्या आधीचा डिले वाढवा, खालचे दहा लूप आपोआप शांत होतात.

दोष याच लूपमध्ये निघाला तर आधी व्हॉल्व्हचा साइज बघा. ग्लायकॉलला फ्लो जास्त लागतो म्हणून कोणीतरी एक साइज मोठा घेतला, वर पुन्हा सेफ्टीसाठी अजून एक, आणि आता व्हॉल्व्ह 10 टक्के उघडला की काम भागतं आणि उरलेला 90 टक्के स्ट्रोक (व्हॉल्व्हची हालचाल) शोभेला. अशा व्हॉल्व्हला कुठलंही ट्यूनिंग पुरणार नाही, साइज तरी कमी करावा लागेल नाहीतर लहान-मोठे दोन व्हॉल्व्ह समांतर लावून आधी लहान मग मोठा असं चालवावं लागेल.

साइजही बरोबर असेल तेव्हाच ट्यूनिंगकडे या. ॲक्चुएटरला पूर्ण स्ट्रोक करायला दीड-दोन मिनिटं लागतात आणि कंट्रोलर दर सेकंदाला नवीन आकडा फेकतोय, इंटिग्रल भरमसाट, म्हणजे व्हॉल्व्ह पोचायच्या आधीच हुकूम बदललेला. त्यात थंड ग्लायकॉल हळू सरकतं, सेन्सरपर्यंत बदल पोचायला उशीर, तोवर इंटिग्रल साचत साचत 100 टक्क्यांना चिकटलेला. इंटिग्रल कमी करा आणि फॅन बंद असताना तो साचूच नये असं लॉजिक टाका, म्हणजे सकाळी ओव्हरशूट होणार नाही. आणि ट्यूनिंग कडाक्याच्या थंडीतही एकदा तपासा. हवा सौम्य असताना केलेलं ट्यूनिंग तेव्हा टिकेलच असं नाही. डेरिव्हेटिव्ह (पीआयडीतला तिसरा आकडा, बदलाच्या वेगावर चालणारा)? शून्य ठेवा. हीटिंगच्या अशा संथ लूपला त्याची गरज क्वचितच लागते.

सेन्सर पाइपला बाहेरून टायने बांधलेला असेल तर वरचं सगळं व्यर्थ आहे. थर्मोवेल (पाइपात घुसवलेली, सेन्सर ठेवायची नळी), आत थर्मल पेस्ट, बाहेर इन्सुलेशन, एवढं करा.

पंपाचा डीपी सेन्सर आणि रीसेटची घाई

डीपी सेन्सर पंपाच्या शेजारीच लावलेला असेल तर वायरिंगला सोपा, कंट्रोलला वाईट. थंड ग्लायकॉलमुळे मेन पाइपातच जास्त प्रेशर खर्च होतं, पंपाजवळचा सेन्सर म्हणतो सेटपॉइंट मिळाला, व्हीएफडी (पंपाचा वेग बदलणारा ड्राइव्ह) स्पीड वाढवत नाही, आणि शेवटच्या कॉइलला फ्लोच नाही. नेमकं सकाळी, नेमकं तेव्हाच जेव्हा गरज सगळ्यात जास्त. सेन्सर लाइनच्या शेवटच्या टोकाकडे न्या.

बाहेरच्या तापमानानुसार सप्लाय कमी करणारं आउटडोअर रीसेट चांगलंच आहे, एनर्जी वाचते, पण पाण्याच्या सिस्टिमचा कर्व्ह जसाच्या तसा उचलू नका. सप्लाय फार खाली आणला की ग्लायकॉल दाट होतं, कॉइलच्या नळ्यांमधला प्रवाह खळाळता न राहता संथ थरांत वाहायला लागतो आणि कॉइलची उष्णता देण्याची ताकद हळूहळू नाही, एकदम पडते. व्हॉल्व्ह 100 टक्के उघडा आणि खोली थंड असं दिसलं, आणि तेही बाहेर फार थंडी नसताना, तर संशय इथे घ्या. सप्लायला खालची मर्यादा घाला. ती किती ठेवायची हे बॉयलरवरही अवलंबून आहे. साध्या गॅस बॉयलरला रिटर्न 55 डिग्रीच्या खाली आला की धुरातल्या वाफेचं आत पाणी होऊन गंज धरतो, आणि कंडेन्सिंग बॉयलरला उलट तो 55 च्या खालीच हवा, नाहीतर त्याचे जास्तीचे पैसे वाया. बाहेरचा सेन्सर उन्हात किंवा एक्झॉस्टच्या तोंडाशी नको हे सांगायला नको, तरी सगळ्यात जास्त वेळा तिथेच सापडतो.

बर्नर बंद झाला की पंपही त्याच क्षणी बंद, हे लॉजिक असेल तर बदला. बॉयलरच्या तापलेल्या भागात उभं राहिलेलं ग्लायकॉल भाजून निघतं आणि ॲसिडिक व्हायला लागतं. काही मिनिटांचा पोस्ट-रन द्या.

लिक्विड तपासलं का?

कुठलीही तक्रार असो, वर्षातून एकदा तरी रिफ्रॅक्टोमीटरने (थेंबातून प्रकाश किती वाकतो त्यावरून प्रमाण सांगणाऱ्या मीटरने) ग्लायकॉलची टक्केवारी बघा. पंप बराच वेळ फिरल्यावर सँपल घ्या, आणि मीटरवर प्रॉपिलीनची स्केल आहे की एथिलीनची ते वाचा, चुकीच्या स्केलवर वाचलं तर आकडाच खोटा. पीएच 7 च्या खाली गेला, रंग तपकिरी झाला, आंबट वास आला तर इनहिबिटर (ग्लायकॉलमधलं गंज रोखणारं रसायन) संपलाय. 20-25 टक्क्यांच्या खाली मिश्रण ठेवू नका, तेवढं पातळ ग्लायकॉल म्हणजे बॅक्टेरियाला आयतं खाद्य. कमी पडलं म्हणून गाडीचं अँटीफ्रीझ ओतायचं तर अजिबात नाही, त्यातल्या सिलिकेटचं जेल होऊन स्ट्रेनर आणि एक्स्चेंजर चोंदतात. गॅल्व्हनाइज्ड पाइपही या सिस्टिममध्ये नको, त्यातलं झिंक इनहिबिटरला खातं.

भाडेकरूंना हीटिंगचं बिल मीटरवर लावत असाल तर एनर्जी मीटरची सेटिंग उघडून बघा. त्यात लिक्विड "पाणी" निवडलेलं असेल तर 50 टक्के ग्लायकॉलवर तो दहा-एक टक्के जास्त उष्णता दाखवतोय. अल्ट्रासॉनिक असेल तर फ्लोसुद्धा चुकू शकतो, कारण ग्लायकॉलमध्ये आवाजाचा वेगच वेगळा असतो. ज्या मीटरमध्ये ग्लायकॉलची टक्केवारी भरता येते तोच घ्या, आणि दर वर्षी रिफ्रॅक्टोमीटरवर जो आकडा येईल तो तिथे टाका.